एक राउटर, तीन कन्सोल आणि दारावरचा वॉचमन

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा तर पोरांचा विषय, यात आमचं काय काम? पण घरातलं इंटरनेटचं बिल कोण भरतं? आपणच ना? मग "मामा, नॅट स्ट्रिक्ट दाखवतंय" ही तक्रारही शेवटी आपल्याच दारात येते. माझ्याकडे आली. तिच्या मागे लागता लागता मला राउटर नावाच्या त्या डबीबद्दल जे कळलं, ते आधीच्या दहा वर्षांत कळलं नव्हतं. तेच आज सांगतो.

आधी घरची परिस्थिती सांगतो, म्हणजे प्रश्न लक्षात येईल. आम्ही बडोद्याचे. दांडिया बाजारच्या आतल्या गल्लीत आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे, दीड दीड फूट जाडीच्या भिंती. मुलाकडे जुना पीएस-फोर आणि मुलीकडे एक्सबॉक्स सिरीज एस. दोन वर्षं कोणाची काही तक्रार नव्हती. मग गेल्या जूनमध्ये माझा भाचा अकरावीसाठी आमच्याकडे राहायला आला. धाकट्या बहिणीची बँकेत नोकरी, बदली झाली गुवाहाटीला. अकरावी-बारावीची दोन वर्षं मुलाला हलवायला नको, म्हणून तो इथे राहिला. भाची सातवीत, ती आईवडिलांबरोबर तिकडे गेली.

येताना भाच्याने आपला सिरीज एस बरोबर आणला आणि आधीचा जुना एक्सबॉक्स वन बहिणीसाठी तिकडे पाठवला. दोघांचा करार असा, की रोज रात्री नऊ ते साडेनऊ माइनक्राफ्ट खेळायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा ठोकळे रचून जग उभं करायचा खेळ आहे. या दोघांनी लॉकडाऊनपासून एक जग बांधलेलं. त्यात घर, विहीर, बोगदे, आजीच्या नावाचा एक राजवाडासुद्धा. ते जग भाच्याच्या कन्सोलमध्ये साठवलेलं आहे. तो ते उघडणार आणि भाची गुवाहाटीहून त्यात शिरणार.

पहिल्या रात्री ती शिरूच शकली नाही. आवाजही नाही. हा इकडून "ऐकू येतंय का? हॅलो?" करतोय, ती तिकडून करतेय. दुसऱ्या रात्री तेच. गंमत म्हणजे त्याच वेळी शेजारच्या खोलीत माझी मुलगी मैत्रिणींशी मस्त गप्पा मारत खेळत होती. आठ-दहा दिवसांनी बहिणीचा फोन आला. म्हणाली, "दादा, जरा बघशील का? ही रात्री रडून झोपते. म्हणते, दादाला मामेबहीण मिळाली, आता त्याला मी नकोय, म्हणून मुद्दाम घेत नाही."

आता मला सांगा, यावर काय बोलणार? भाचा बिचारा तिथेच बसून सगळं ऐकत होता. मी म्हटलं, हे आता बघायलाच हवं.

कस्टमर केअरला फोन केला. समोरच्याने स्पीड टेस्ट करायला सांगितली. १०० एमबीपीएस आला. "सर, स्पीड तर पूर्ण येतोय. राउटर बंद करून चालू करा." केलं. पुन्हा फोन, पुन्हा बंद-चालू. त्या माणसाचा दोष नाही, त्याच्यासमोरच्या कागदावर तेवढंच लिहिलेलं असणार. पण इथे पहिला मुद्दा लक्षात घ्या: ही स्पीडची अडचण नव्हतीच. ही पत्त्याची अडचण होती.

पत्त्याची म्हणजे काय? इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही-फोरमध्ये, असे पत्ते सगळे मिळून ४२९ कोटी आहेत. जगाची लोकसंख्या त्याहून जास्त, आणि एकेका घरात दहा-दहा यंत्रं. पुरणार कसे? जगभरच्या वाटपासाठी ठेवलेला त्यांचा मूळ साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. तरी आपलं चाललंय, कारण त्याच्या कितीतरी आधी, १९९४ च्या सुमारास, लोकांनी एक जुगाड काढला. अख्ख्या घराला बाहेरून एकच पत्ता द्यायचा आणि घरातल्या यंत्रांना आतल्या आत खासगी नंबर वाटायचे. १९२.१६८ ने सुरू होणारे आकडे तुम्ही पाहिले असतील, ते हेच खासगी नंबर. तुमच्याही घरात ते आहेत, माझ्याही घरात आहेत, आणि त्यामुळे काही बिघडत नाही. पहिल्या मजल्यावरची एक नंबरची खोली प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतेच की.

या जुगाडाचं नाव नॅट. तो चालवतो तुमचा राउटर. मी त्याला वॉचमन म्हणतो.

समजा एक सोसायटी आहे. बाहेरच्या जगाला फक्त सोसायटीचा पत्ता माहीत, आत कोण कुठे राहतं ते माहीत नाही. तुम्ही बाहेर पत्र पाठवलं की वॉचमन वहीत लिहून ठेवतो, "३०२ वाल्यांनी अमुक माणसाला पत्र पाठवलं." त्या माणसाचं उत्तर आलं की वहीत बघतो आणि ३०२ मध्ये नेऊन देतो. वेबसाइट बघणं, सिनेमा बघणं, पैसे पाठवणं, सगळं असंच चालतं. आधी आपण हाक मारतो, मग उत्तर येतं. म्हणून आयुष्यभर आपल्याला हा वॉचमन दिसतही नाही.

पण एखादं पत्र आगाऊ आलं, कोणीही आतून न मागवता, तर? वॉचमन वही उघडतो, नोंद नाही. पत्र टोपलीत. चोर-भामट्यांच्या बाबतीत हे उत्तमच आहे. पण गुवाहाटीहून माझी भाची "दादा, दार उघड" म्हणून आली, तर तीही टोपलीतच जाते.

आता तुम्ही म्हणाल, मग बाकीचे ऑनलाइन खेळ कसे चालतात? बरेचसे खेळ मधल्या मोठ्या सर्व्हरवर चालतात. दोघेही आपणहून सर्व्हरला हाक मारतात, त्यामुळे वॉचमनला काही वावगं वाटत नाही. माझी मुलगी जे खेळत होती ते याच जातीचं होतं. पण माइनक्राफ्टचं घरच्या कन्सोलवर ठेवलेलं जग म्हटलं, की बाकीच्यांनी थेट त्या घरात यायचं. एकमेकांशी बोलायची सोयसुद्धा पुष्कळदा अशी थेट जोडणी करून चालते. तिथे दोन घरांचे दोन वॉचमन समोरासमोर उभे राहतात, आणि ते किती कडक आहेत यावर सगळं ठरतं.

कन्सोल हा कडकपणा तुम्हाला सांगतो. एक्सबॉक्समध्ये सेटिंग्ज, जनरल, नेटवर्क सेटिंग्ज असं गेलात की नॅटचा प्रकार दिसतो: ओपन, मॉडरेट किंवा स्ट्रिक्ट. ओपनवाला कोणाशीही जोडला जातो. मॉडरेटवाला ओपनशी आणि मॉडरेटशी. स्ट्रिक्टवाला फक्त ओपनशी. प्लेस्टेशनवर टाइप एक, दोन, तीन असे आकडे येतात. राउटरमागे बसलेल्याला टाइप दोन मिळालं की छान, तीन आलं की दुखणं. निन्टेन्डोवर ए पासून अक्षरं येतात. ए-बी ठीक, सी-डी आलं की कटकट सुरू.

मी तिन्ही कन्सोल तपासले. मुलाचा पीएस-फोर टाइप दोन. मुलीचा एक्सबॉक्स मॉडरेट. भाच्याचा स्ट्रिक्ट. गुवाहाटीला फोन करून भाचीचा बघायला लावला, तो मॉडरेट. स्ट्रिक्ट आणि मॉडरेट, म्हणजे जमणार नाही. कारण मिळालं. पण एकाच घरात, एकाच राउटरवर, एकाच कंपनीचे एकसारखे दोन कन्सोल, मग एकाला मॉडरेट आणि दुसऱ्याला स्ट्रिक्ट का?

इथे पोर्ट समजून घ्यावा लागतो. बाहेरचा पत्ता एकच असला तरी त्या पत्त्यावर ६५,५३६ खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. प्रत्येक कामाची आपली ठरलेली खिडकी. एक्सबॉक्सची आवडती खिडकी ३०७४ नंबरची. घरात एकच एक्सबॉक्स असतो तेव्हा तो ३०७४ पकडून बसतो आणि सुखात असतो. दुसरा एक्सबॉक्स आला, तोही ३०७४ च मागतो. पण ती खिडकी पहिल्याने अडवलेली. वॉचमन दुसऱ्याला भलतीच कुठली तरी खिडकी देतो, शिवाय प्रत्येक पत्राला वेगळी. मग बाहेरच्यांना कळतच नाही, की उत्तर कुठल्या खिडकीवर द्यायचं. याचंच नाव स्ट्रिक्ट. म्हणजे माझ्या मुलीचा काहीही दोष नसताना, ती आधी कन्सोल लावून बसायची म्हणून भाच्याची वाट बंद होत होती. भाचीच्या तक्रारीत बघा, नकळत थोडं तथ्य निघालं!

आता मी ज्या चुका केल्या त्या सांगतो, कारण इंटरनेटवर याच चुका सल्ला म्हणून वाटल्या जातात.

पहिली चूक. कुठेतरी ऐकलं, पोर्ट फॉरवर्डिंग करा. म्हणजे वॉचमनला कायमची सूचना द्यायची, "३०७४ वर काही आलं की वही न बघता अमुक खोलीत द्या." मी दोन्ही एक्सबॉक्सना ३०७४ देऊन टाकला. राउटरने दुसरी सूचना घेतलीच नाही. बरोबरच आहे, एका पेटीतलं पत्र दोन खोल्यांत कसं टाकणार? एक पोर्ट बाहेरून एकाच यंत्राला देता येतो.

दुसरी चूक, डीएमझेड. हा पर्याय बहुतेक राउटरमध्ये असतो. त्याचा अर्थ, ज्याची नोंद नाही ते सगळं एकाच यंत्राकडे पाठवून द्या. मी भाच्याच्या कन्सोलला डीएमझेडमध्ये टाकलं. दुसऱ्या दिवशी मुलीचा स्ट्रिक्ट झाला. मग घरात जे झालं ते सांगत नाही. बायको एवढंच म्हणाली, "तुम्ही दुरुस्त करताय की वाटण्या करताय?" डीएमझेड एका यंत्रापुरता असतो. घरात दोन-तीन कन्सोल असतील तर त्याच्या वाटेलाच जाऊ नका. आणि चुकून कॉम्प्युटरला तर मुळीच देऊ नका, ते घराचं पुढचं दार सताड उघडं टाकण्यासारखं आहे.

मग योग्य रस्ता कोणता? त्याचं नाव यूपीएनपी. यात कन्सोल स्वतःच वॉचमनला इंटरकॉमवरून सांगतो, "मला अमुक खिडकी हवी, माझं काही आलं तर वर पाठव." वॉचमन मोकळी खिडकी देतो, काम झालं की बंद करतो. राउटरच्या पानावर हा पर्याय असतो. काही ठिकाणी तो आधीच चालू असतो, आमच्याकडे बंद होता. तो चालू केला की पोर्ट फॉरवर्डिंगच्या आणि डीएमझेडच्या आधीच्या नोंदी काढून टाकायच्या. हे विसरू नका. दोन्ही एकत्र ठेवले की एकमेकांच्या पायात पाय.

पण यूपीएनपी चालू करूनही दोन्ही एक्सबॉक्स ३०७४ च मागत राहिले तर? त्यासाठी एक्सबॉक्समध्ये एक छोटी सोय आहे, ती फार कमी लोकांना माहीत असते. नेटवर्क सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, तिथे अल्टरनेट पोर्ट सिलेक्शन. ते ऑटोमॅटिकवरून मॅन्युअल केलं की तो काही वेगळे नंबर दाखवतो, त्यातला एक निवडायचा. मुलीला ३०७४ ठेवला, भाच्याला दुसरा दिला. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स अशी दोन वेगळ्या कंपन्यांची यंत्रं असतील तर बहुधा एवढी मारामारी होत नाही. एकाच कंपनीचे दोन आले की होते.

आणि एक काम, जे मी दोनदा विसरलो. सेटिंग बदलल्यावर कन्सोल पूर्ण बंद करायचा. आपण जे बंद करतो ते पुष्कळदा झोपवणं असतं, आणि झोपलेला कन्सोल आपली जुनी खिडकी सोडत नाही. एक्सबॉक्सवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, मग राउटर बंद करून चालू करा, राउटर नीट उठला की एकेक कन्सोल लावा. कस्टमर केअरचा तो "बंद करून चालू करा" इथे मात्र खरा ठरला.

त्या रात्री भाच्याचा कन्सोल स्ट्रिक्टवरून मॉडरेटवर आला. नऊ वाजता टीव्हीतून भाचीचा आवाज आला, "दादा?" भाचा दोन सेकंद काही बोललाच नाही. मग म्हणाला, "अगं, राजवाड्याच्या मागे कोण खणून गेलंय बघ."

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण तीन दिवसांत पुन्हा रड सुरू. वीस मिनिटं चालायचं, मग आवाज जायचा. कधी ती जगात शिरायची, कधी नाही. म्हणजे वरवर मलम लावलं होतं, मूळ दुखणं वर कुठेतरी होतं.

तेव्हा मी राउटरचं पान पुन्हा उघडलं. ते कसं उघडायचं? घरच्या वायफायवर असताना ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकायचं. नेमका आकडा आणि पासवर्ड राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो. तिथे वॅन आयपी नावाची ओळ शोधा. हा वॉचमनला बाहेरून मिळालेला पत्ता. आणि दुसरीकडे कुठल्याही सर्च इंजिनवर "माझा आयपी काय" असं विचारा. दोन्ही आकडे सारखे आले तर तुम्ही सुखी माणूस. वेगळे आले, तर तुमच्या वॉचमनच्या वर आणखी एक वॉचमन बसलाय.

माझ्या राउटरवर वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होणारा निघाला. म्हणजे घरातच दोन वॉचमन! कारण साधं होतं. इंटरनेटवाल्याने फायबरबरोबर एक डबी बसवली होती, ती स्वतःच राउटर होती. तिची रेंज आतल्या खोल्यांत येत नव्हती म्हणून मी बाजारातून चांगला राउटर आणून तिला जोडला. मला वाटलं जुनी डबी आता नुसती तार पुढे देते. पण तीही वही घेऊन बसलेली, आणि नवाही. कन्सोलने इंटरकॉमवरून आतल्या वॉचमनला सांगितलं, पण फाटकावरच्याला कोण सांगणार? याला डबल नॅट म्हणतात, आणि भारतातल्या फायबरवाल्या घरांत हे जागोजागी सापडतं.

यावर दोन उपाय आहेत. एक, कंपनीची डबी ब्रिज मोडवर टाकायची, म्हणजे ती वही बंद करते आणि तुमचा राउटर एकटा मालक होतो. हे बहुतेकदा कंपनीकडूनच करून घ्यावं लागतं. दुसरा, तुमच्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकायचं, म्हणजे तो फक्त वायफाय देईल, वॉचमनगिरी जुन्या डबीकडे. दुसरा उपाय आपल्या हातात असतो, पाच मिनिटांत होतो. मी आधी लाइनमनकडून ब्रिज करून घेतलं. तो आला, त्याने केलं, चहा घेतला, गेला.

पुन्हा वॅन आयपी बघितला. आता आला १०० ने सुरू होणारा. मला आनंद झाला, खरा पत्ता मिळाला म्हणून. पण नाही. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते एप्रिल २०१२ मध्ये खास एका कामासाठी बाजूला काढलेत. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांचा स्वतःचा मोठा नॅट, त्याला सीजीनॅट म्हणतात. म्हणजे माझी सोसायटी एका मोठ्या टाउनशिपच्या आत होती आणि टाउनशिपच्या फाटकावर तिसरा वॉचमन! शेकडो घरांना बाहेरून एकच पत्ता. कंपन्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, पत्ते संपलेत तर त्या तरी काय करणार. पण तो वॉचमन आपला नोकर नाही. त्याच्यापर्यंत आपला इंटरकॉम जात नाही, तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा. त्याच्या वहीतल्या नोंदी कधी पुसायच्या तेही तोच ठरवतो. वीस मिनिटांनी आवाज जायचा तो बहुधा याचमुळे. आणि काही कंपन्या यासाठी १० ने सुरू होणारे पत्ते वापरतात, त्यामुळे तसा आकडा दिसला तरी हेच समजा.

यातून सुटका दोन तऱ्हेची. कंपनीकडे स्टॅटिक किंवा पब्लिक आयपी मागायचा. महिन्याला थोडे जादा पैसे पडतात. मला पडतात ते आमच्या पोरांच्या एका पिझ्झ्याहून कमी. फोनवर "स्पीड कमी आहे" म्हणू नका, "मी सीजीनॅटच्या मागे आहे, मला पब्लिक आयपी हवा" असं स्पष्ट म्हणा. हे वाक्य ऐकलं की समोरचा तुम्हाला बंद-चालू करायला सांगत नाही, पुढच्या माणसाकडे देतो. हे मी अनुभवाने सांगतो.

दुसरा मार्ग आयपीव्ही-सिक्सचा. ही पत्त्यांची नवी पद्धत, तिच्यात पत्ते इतके आहेत की घरातल्या प्रत्येक यंत्राला जगात एकमेव असा पत्ता देता येतो. नॅटची गरजच नाही. भारतात तिचा प्रसार चांगला झालाय, आणि एक्सबॉक्स ती वापरू शकतो. राउटरमध्ये आयपीव्ही-सिक्स बंद असेल तर चालू करून बघा, फुकटचं काम आहे. पण ती दोन्ही टोकांना हवी. गुवाहाटीच्या घरी ती नव्हती, म्हणून मी पैसे भरले.

पब्लिक आयपी आला त्या दिवशी दोन्ही एक्सबॉक्स ओपन. तिकडचा मॉडरेटच राहिला, पण मघाशी सांगितलं तसं, ओपनवाला कोणाशीही जोडला जातो. एका टोकाने दार उघडं ठेवलं तरी पुरतं.

म्हणून माझ्या अनुभवाचा क्रम तुम्ही उलटा करा. मी कन्सोलपासून सुरुवात करून फाटकापर्यंत गेलो, त्यात महिना गेला. तुम्ही फाटकापासून आत या. आधी वॅन आयपी बघा, मग घरातले दोन वॉचमन, मग यूपीएनपी, आणि शेवटी एक्सबॉक्सचा पोर्ट.

आता थोडं लॅगबद्दल, कारण ओपन झाल्यावर पोरं लगेच "लॅग होतंय" सुरू करतात. खेळ चालू असताना फारसा डेटा जात नाही. १०० एमबीपीएसमध्ये तीन काय, दहा कन्सोल खेळतील. अडचण उशिराची असते, त्याला पिंग म्हणतात. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. बडोदा ते गुवाहाटी सरळ अंतर एकोणीसशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जाऊन-येऊन किमान १९ मिलिसेकंद, आणि तार काही सरळ जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात बरेच जास्त. हे कोणी कमी करू शकत नाही, कुठल्याही "गेमिंग राउटर"वाल्याने कितीही लाल दिवे लावले तरी. खेळाच्या सेटिंगमध्ये सर्व्हर निवडता येत असेल तर मुंबईचा आहे का बघा. सिंगापूरचा निवडून मग राउटरला शिव्या देऊ नका.

जे आपल्या हातात आहे ते घरातलं. आमच्या घरी खरा खलनायक होता मुलाचा पीएस-फोर. पन्नास जीबीचा अपडेट तो रात्री नऊलाच लावायचा. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तेव्हा पन्नास जीबीला तास-सव्वा तास सहज. तेवढा वेळ तार गच्च भरते, आणि खेळातली चिमुकली पत्रं त्या गर्दीत रांगेत उभी राहतात. पिंग ४० चा ४०० होतो. राउटरमध्ये क्यूओएस नावाचा पर्याय असेल तर तिथे एकूण वेग तारेच्या वेगाहून थोडा कमी, म्हणजे ८५-९० वर बांधून ठेवा. रांग कंपनीच्या यंत्रात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते, आणि तुमचा राउटर लहान पत्रांना पुढे सोडू शकतो. आमच्याकडे याहून सोपा नियम झाला: अपडेट पहाटे.

वायफायचं म्हणाल तर जमेल तिथे तार टाका. दीड फुटाच्या विटांच्या भिंतीतून पाच गिगाहर्ट्झची लहर जात नाही, दोन-चार गिगाहर्ट्झची जाते, पण त्यात शेजारपाजारचे सगळे वायफाय भांडत असतात. त्यात पहिल्या आवृत्तीचा पीएस-फोर तर फक्त दोन-चारच ओळखतो. त्याला तारेशिवाय पर्याय नाही. राउटरच्या मागची भोकं कमी पडली तर पाच पोर्टचा छोटा नेटवर्क स्विच आणा. दुकानात नुसतं "स्विच द्या" म्हणू नका. मी म्हटलं, तर एकाने पंख्याचं बटण दाखवलं आणि दुसऱ्याने निन्टेन्डोचा कन्सोल. लॅनचा स्विच म्हणा. आणि तो स्विच वॉचमन नाही, नुसता जोडकाम करणारा आहे, त्यामुळे त्याने डबल नॅट होत नाही. चुकून दुसरा राउटर आणून जोडलात तर मात्र होईल, मघाशी सांगितलं तसं.

यूपीएनपीबद्दल एक सावधगिरी. तो विचारत नाही, आतून कोणीही मागितलं की खिडकी देतो. कन्सोलने मागितली तरी देतो आणि कुठल्यातरी स्वस्त कॅमेऱ्याने मागितली तरी देतो. म्हणून राउटरच्या पानावर यूपीएनपीची यादी असते ती अधूनमधून बघा, अनोळखी नाव दिसलं तर ते यंत्र शोधा. आणि राउटरचा स्टिकरवरचा पासवर्ड बदला. कॅमेरे, स्मार्ट बल्ब असलं काही घरात असेल तर त्यांना पाहुण्यांच्या वायफायवर टाका, म्हणजे ती मंडळी वेगळ्या खोलीत बसतात.

हो, आणि वीज. उन्हाळ्यात आमच्याकडे लाइट गेली की कंपनीची डबी आणि राउटर दोन्ही बसतात, आणि उठताना कधी राउटर आधी उठतो, त्याला पत्ता मिळतच नाही. दोघांना मिळून एक छोटा डीसी यूपीएस लावला, खिशात मावेल एवढा. आता लाइट गेली तरी डब्या चालू राहतात. टीव्ही बंद पडतो, खेळ बंद पडतो, पण परवा अशीच लाइट गेली तर भाचा मोबाइलवरच्या एक्सबॉक्स ॲपमधून त्याच पार्टीत शिरला आणि अंधारात बसून भाचीला बीजगणित सांगत होता. नऊ ते साडेनऊचा करार साडेदहापर्यंत गेला होता. मी मध्ये बोललो नाही.